रडण्याचं काम माझं

३ मार्च
ताईचा हुकूम सुटला — बाळ रडलं की दोघांचेही फोन एकदम थरथरले पाहिजेत. तिला आणि भावोजींना ऐकू येत नाही. त्यात फोन दोन वेगळ्या कंपन्यांचे, एकाचं ॲप दुसऱ्यावर चालत नाही. "माझा एकटीचाच थरथरला तर रात्री उठणं कायमचं माझ्या गळ्यात," ती हातांनी म्हणाली. भावोजी छताकडे बघत बसले.

बाळ पुढच्या महिन्यात. ॲप मी करणार. उगाच नाही मावशी होत!

५ मार्च
बेत असा — कोड एकदाच लिहायचा, पण दोन्ही फोनवर तिथेच जन्मल्यासारखा चालला पाहिजे. एक जुना फोन पाळण्यापाशी कान देऊन बसणार आणि बाकीच्यांना कळवणार. चाचणीसाठी माझाही फोन जोडलाय. ऑफिसातला डिझायनर म्हणाला, "पण रडणार कोण?"

मीच. दुसरं कोण आहे.

६ मार्च
जेवणाच्या सुट्टीत मीटिंगच्या खोलीत दार लावून मनसोक्त रडले. ताईच्यासारखा फोन पहिल्याच ट्यँहँला थरथरला. भावोजींच्यासारखा ढिम्म. वॉचमनकाका पाणी घेऊन आले — "जाऊ दे पोरी, दुसरी नोकरी मिळेल."

९ मार्च
सापडलं! स्क्रीन काळी झाली की भावोजींचा फोन बॅटरी वाचवायला सगळी ॲप झोपवून टाकतो. ताईला सांगितलं तर हसून हसून ठसका लागला तिला. "मालकावर गेलाय."

डिझायनर म्हणतो, त्यांना फोनच बदलायला सांग. छे. त्या फोनपुरता तेवढा तुकडा त्याच्याच भाषेत वेगळा लिहायचा. एकच कोड, एकच कोड म्हणून मिरवत होते, उतरला तोरा.

१४ मार्च
अजून ढिम्म. वैताग आलाय.

१७ मार्च
ताईकडे. दोघांना स्वयंपाकघरात बसवलं, फोन खिशात, स्क्रीन बंद. मी आतल्या खोलीत रिकाम्या पाळण्यापाशी बसून भोकाड पसरलं. दोघंही धावत आले — आणि भावोजी पुढे! मला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं त्यांनी. इतकी खूश मी कुठल्याच पगारवाढीला झाले नव्हते.

ताईनं जुना फोन तेव्हाच दवाखान्याच्या बॅगेत टाकला. म्हटलं, अगं, वेळ आहे अजून. ऐकते कुठे.

२१ मार्च
सकाळी ऑफिसात फोन थरथरला — "बाळ रडतंय." रडण्याचं काम तर माझं, आणि मी चहा पीत होते.

लगेच भावोजींचा मेसेज: "माझा आधी थरथरला."

वॉचमनकाका परत पाणी घेऊन आले.