कवडी निवडणाऱ्यांची ओळ

आई, एक गोष्ट तूही पाहिली असशील. सभागृहातला पंखा बंद असतो, माणसे घामाघूम होतात, बटण सर्वांना दिसत असते. तरीही कुणी उठत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी परवा अंबाजोगाईत मी नाटकाचा एक प्रयोग केला. त्यात नट नव्हते. प्रेक्षकांनाच जमिनीवर ओळीने बसवले, प्रत्येकापुढे कापसाचा ढीग ठेवला आणि त्यातली कवडी, म्हणजे किडका, पिवळा कापूस, वेगळी काढायला सांगितली. बोलायचे नाही, एवढाच नियम. निवडलेले ढीग आम्ही उचलत होतो, त्यांच्यादेखत पुन्हा कालवत होतो आणि त्यांच्यापुढेच ओतत होतो. हातचे काम आपले उरत नाही तेव्हा माणसाचे काय होते, ते मला दाखवायचे होते. सगळे चुळबुळत होते. पण प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून पुन्हा मान खाली घालत होता.

तुला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी कापसाच्या जिनिंग कारखान्यातली तुझी ओळ मला जशीच्या तशी दिसते. मी कॉलेजातून तुझा डबा घेऊन येते. तुझ्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असतात. मुकादम बोलू देत नाही, पण एखादीचा हात मागे पडला, की शेजारीण तिच्या ढिगातला मूठभर कापूस गुपचूप आपल्याकडे ओढते. एके दिवशी माझ्या मैत्रिणी सोबत होत्या. मी दाराशीच थबकले, तेव्हा तू नियम मोडून ओरडलीस, "बगतीस काय नुसती? बस की, हात लाव! शिकल्यावर गुडघे वाकत न्हाईत का?" सगळी ओळ हसली. मी डबा ठेवून निघून गेले.

परवाच्या प्रयोगाला नेकनूरची एक म्हातारी नातीबरोबर आली होती. शेजारच्या प्राध्यापकांच्या ढिगातला मूठभर कापूस तिने सरळ आपल्याकडे ओढला. "सायेब, लई हळू हाय तुमचा हात!" इतका वेळ अवघडलेली ओळ मोकळी हसली. मग तिने दिव्यापाशी उभ्या असलेल्या मला विचारले, "बाई, तू काऊन उबी? बस की."

मी हसून मान हलवली आणि उभीच राहिले. नंतर सर्वांना अभिमानाने सांगितले, की ही माझ्या आईची ओळ. तीत मी कधी बसले नाही, हे मात्र सांगितले नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. पण चाचणी सोपी आहे, कुणालाही करता येईल. चार माणसे खाली बसून काम करत असतील तिथे बसायला जावे आणि पाहावे, आधी गुडघे वाकतात, की आपल्याला कोण बघते आहे म्हणून आधी नजर फिरते. माझी अजून नजरच आधी फिरते.