गुलाबी ऑइल सील

४ ऑक्टोबर १९९८, रविवार
आमची जुनी तोरिनो गाडी घाटात काढली. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीची तयारी. खड्डा एक आला की गाडी तीनदा उडते. ओर्तेन्सियाचं डोकं टपाला आपटलं आणि स्टॉपवॉच तिच्या हातातून सुटून माझ्या मानेवर. वर मलाच सुनावते, एवारिस्तो, शॉकअप संपलेत, माझी कंबर कामातून गेली, ते झाल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही. बायको म्हणून इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून वेळ मोजते, पण गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

म्हणे नोटरी बासिलिओने त्याचे कोर्दोबाला पाठवून करून आणले, तूही पाठव. बासिलिओ! शिक्के मारून पोट भरणारा विधुर. त्याला गाडी आणि वॉशिंग मशीन यांतला फरक कळत नाही.

माझे शॉकअप हॉलंडचे. ॲडजस्टेबल. दांडा पूर्ण आत दाबून पिळला की हवे तसे कडक किंवा नरम होतात. असली वस्तू गॅरेजवाल्यांच्या हातात द्यायची? मी डेंटिस्ट आहे. माणसाच्या तोंडात, तो ओरडत असताना, केसाइतकं अचूक काम करतो. शॉकअप ओरडत तरी नाही.

संकल्प: चारही मी स्वतः करणार. दोन रविवार पुष्कळ.

६ ऑक्टोबर, मंगळवार
दुपारी सगळा गाव झोपतो तेव्हा कामाला लागलो. बोल्ट गंजलेले. एक तुटला. हल्लीचं लोखंड म्हणजे नुसती बिस्किटं. (बोल्ट गाडीचाच, म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा. तरीही.)

चारही निघाले. अक्कलदाढेपेक्षा सोपं.

संध्याकाळी ओर्तेन्सियाने विचारलं, दवाखान्यात तेलाचा वास का येतोय? म्हटलं, प्रगतीचा आहे.

११ ऑक्टोबर, रविवार
वरचा नट उघडायला दोन खुंट्यांचा खास पाना लागतो. तो आमच्या खोऱ्यात कोणाकडे नाही. मी दाढा उपटायची पक्कड लावली. नट निघाला. पक्कड वाकली. एकंदरीत यश.

आतलं तेल काळंकुट्ट. तेल अडवणारे रबरी ऑइल सील वाळून चामड्यासारखे झालेले. नवे मागवायला ब्युनोस आयरेसला फोन केला. पलीकडचा गडी म्हणाला, दोन महिने लागतील, घाई असेल तर तयार शॉकअपच घ्या. अख्ख्या देशात कोणाला काही बनवायचं म्हणून नाही. सगळ्यांना तयार पाहिजे.

१४ ऑक्टोबर, बुधवार
सुचलं! कवळीच्या आत हिरडीला टोचू नये म्हणून मऊ गुलाबी मटेरिअल लावतो ना, त्याचेच सील. साच्यात ओतले, तासले, पॉलिश केले. काय देखणे झालेत! हॉलंडवाल्यांनी पाहिले तर नोकरी सोडतील.

मटेरिअल मात्र संपलं. ते एउलालियाबाईच्या कवळीसाठी आणलेलं. ही म्हातारी शेजारच्या गल्लीत शेळ्यांचं चीज विकते आणि जगाला अक्कलही वाटते, तीही फुकट. आज आली होती. तिला सांगितलं, तुमच्या हिरड्यांना अजून विश्रांती हवी. तर म्हणते कशी, दोक्तर, माझ्या हिरद्या तीन महिने विश्रांतीच घेतायत, आता त्यांना मांश खायचंय.

अडाणी.

१८ ऑक्टोबर, रविवार. मातृदिन
पोरांचे कोर्दोबाहून फोन आले. ओर्तेन्सियाची अपेक्षा होती की आज बाहेर जेवू. पण जेवणाच्या टेबलावर शॉकअपचे सुटे भाग क्रमाने मांडलेले, आणि क्रम मोडला की संपलं. म्हणून उभ्यानेच खिमा भरलेल्या एम्पानादा खाल्ल्या. मजा आली. मला.

बासिलिओने तिच्यासाठी केक पाठवला. आमची पोरं लहान असताना त्याच्या बायकोने सांभाळली होती, त्याची आठवण म्हणे. चिकट माणूस. केक बरा होता.

मी तिला पुढचा डावा शॉकअप दाखवला. पूर्ण जुळलेला. म्हटलं, ही तुझी भेट. तिने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, याला फुलदाणीत लावू का?

विनोदबुद्धी तिच्या माहेरात कोणालाच नाही.

२० ऑक्टोबर, मंगळवार
पुस्तकात लिहिलंय, तेल मोजून भरा, वर थोडी जागा सोडा. हे लिहिणारे कंजूष. मी काठोकाठ भरलं. जास्त तेल म्हणजे जास्त आराम, शाळेतल्या पोरालाही कळेल.

दांडा आत जाईना. अंगाचं वजन टाकलं. जाईना. मग शॉकअप जमिनीवर उभा केला आणि पेशंटची खुर्ची वरून हळूहळू खाली आणली. खुर्ची हायड्रॉलिक आहे, बेस्ट आहे.

सील उडाला. तेल छतावर, दिव्यावर, माझ्या पदवीवर. दार उघडून एउलालियाबाई आत डोकावली आणि म्हणाली, दोक्तर, कोणाचा दात होता?

त्या पुस्तकाची छपाईच वाईट आहे. महत्त्वाचं वाक्य जाड अक्षरांत नको?

२५ ऑक्टोबर, रविवार
तेल कमी केलं. माझ्या अंदाजाने. पुस्तकातला आकडाही तोच निघाला, योगायोग.

आता ॲडजस्टमेंट. दांडा आत दाबून पिळायचा. कुठल्या बाजूला पिळला की कडक होतो, ते पान तेलात भिजलं. हाताला कळतं. चार शॉकअप, चार वेळा कळलं. प्रत्येक वेळी वेगळं कळलं, पण रस्तेही कुठे सारखे असतात?

२९ ऑक्टोबर, गुरुवार
बसवले. ओर्तेन्सियाला म्हटलं, चल, राणीसारखी बस. ती उशी घेऊन बसली. हा अपमान मी गिळला.

पुढचा डावा दगड. पुढचा उजवा लोणी. मागचे दोघे आपापसांत भांडत होते. उजवीकडे वळलो की गाडी वाकून नमस्कार करायची, डावीकडे वळलो की लाथ मारायची. मी म्हटलं, स्पोर्टी वाटतं ना? ती म्हणाली, थांबव.

चॅपलच्या पुढे ती उतरली. दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, एवारिस्तो, इतकी वर्षं मी तुझी सेकंदं मोजते. कंबर दुखते का, असं एकदा तरी विचारलंस? मी म्हटलं, तू कधी बोलली नाहीस! यावर ती हसली. मग चालायला लागली. मी गाडी हळूहळू तिच्या बाजूने चालवत समजावत होतो, तेवढ्यात मागून बासिलिओ आला. ती त्याच्या गाडीत बसली.

संध्याकाळी घरी आली, स्वयंपाक केला, माझं ताट वाढलं. स्वतःचं घेऊन अंगणात गेली. बायकांचे हे असले राग समजायला विज्ञान अजून मागे आहे.

१ नोव्हेंबर, रविवार
ओर्तेन्सियाने शर्यतीत नाव घातलं. बासिलिओची नेव्हिगेटर म्हणून.

छान. उत्तम. ही वेगाची शर्यत नाही. प्रत्येक टप्पा ठरल्या वेळेत गाठायचा, ना आधी ना नंतर. बासिलिओला तर नाश्ताही वेळेत जमत नाही.

मला नेव्हिगेटर शोधायला हवा. घड्याळ कोणीही धरू शकतं.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
कोणीही धरायला तयार नाही. भेकड गाव.

शेवटी एउलालियाबाई स्वतःहून म्हणाली, मी येते, पण शोमवारी माझी कवली मिलाली पाहिजे. हे ब्लॅकमेल आहे. हो म्हणालो. नकाशा तिला पाठ आहे, सगळ्या डोंगरात शेळ्या हिंडवल्यात तिने. ओर्तेन्सियापेक्षा सरस ठरेल.

८ नोव्हेंबर, रविवार
निघताना ओर्तेन्सिया आमच्या गाडीपाशी आली. एउलालियाबाईच्या पाठीमागे स्वतःची उशी ठेवली आणि मला म्हणाली, सांभाळून चालव. बासिलिओ हात हलवत होता. मी पाहिलं नाही.

पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्यात एउलालियाबाई म्हणाली, दावीकदे. मला 'जाऊ दे' ऐकू आलं. मी जाऊ दिलं. तिने स्टॉपवॉच डॅशबोर्डवर आपटून ओरडायला सुरुवात केली. एवढ्या ओरड्यात अचूक काम मी दवाखान्यात करतो, पण तिथे पेशंटच्या हातात घड्याळ नसतं.

वाट अरुंद होत गेली. मग एकामागून एक चारही सीलनी प्राण सोडला. तेल चाकांवर, धूर, गाडी पाळण्यासारखी झुलायला लागली. नदीच्या काठावर कशीबशी थांबली. पुढच्या चाकापासून पाणी हातभर लांब. एउलालियाबाईने छातीवर क्रॉसची खूण केली. मग उतरली, खाली वाकून गळणारं गुलाबी काहीतरी बोटाने उचललं, नीट पाहिलं आणि म्हणाली, दोक्तर, ही तर माझी कवली!

मी जाऊन दगडावर बसलो. उन्हामुळे.

तीही शेजारी येऊन बसली. तिने पिशवीतून चीज काढून अर्धं मला दिलं. खारट होतं. सगळं खाल्लं.

मग वळणावर बासिलिओची गाडी दिसली. आम्ही तिसऱ्या टप्प्याला पोचलो नाही हे कळल्यावर ओर्तेन्सियाने त्याला मागे फिरायला लावलं होतं. तोवर ते पहिले होते. बासिलिओ म्हणतो, काही नाही हो डॉक्टर, कप घरी ठेवायला जागा तरी कुठे आहे. मनातून जळफळत असणार.

ओर्तेन्सिया धावत आली. आधी एउलालियाबाईचे हातपाय चाचपले, मग माझे. मग मला म्हणाली, गाढवा. आणि रडली. मी तिला माझा रुमाल दिला. तेलाचा होता, परत दिला तिने.

परतताना मी मागे बसलो. तोच रस्ता, पण खड्डे लागलेच नाहीत. दुपारून बुजवले असावेत.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
एउलालियाबाईला कवळी दिली, दहा दिवस उशिरा. लगेच मला चावली. ॲडजस्टमेंट करताना.

शॉकअप कोर्दोबाला गेले. ओर्तेन्सियानेच बांधून बसने पाठवले. मी हरकत घेतली नाही, कारण मला वेळ नाही. आज त्या वर्कशॉपचा फोन आला. आत हे गुलाबी काय आहे, विचारत होते. फोन ओर्तेन्सियाने घेतला. एवढी हसली की खाली बसावं लागलं. मी मातेचा कडू चहा करून तिच्या हातात दिला, उशी पाठीला लावली आणि विचारलं, दुखतंय का. म्हणाली, हसल्याने दुखतंय.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीचं मीच काढलं. गाडी नव्यासारखी होईल, म्हटलं, ठरव. ती म्हणाली, ठरलंय. गाडी आपली, बासिलिओ चालवेल, मी घड्याळ धरेन, तू मागे बस.

मागे बसणाऱ्याला काय काम असतं, विचारलं.

गप्प बसायचं, म्हणाली.