चहापर्यंत

मंगळवार, १४ ऑक्टोबर
१. मिस्टर पेलिंग सकाळी ९.२० ला एकटेच डोंगरावर गेले. वय ६८, दक्षिण इंग्लंडातले, ससेक्सचे. डोंगरात चालायला म्हणून आईकडे आठ दिवस भाड्याने खोली घेतलेली.
२. दारात मला म्हणाले, "चहापर्यंत परत येतो."
३. ६.०८ ला सूर्य मावळला. ६.३० ला ताट मांडलं. आई म्हणाली, "पबात बसले असतील. खातील गार."
४. ७.०५ ला मी बचाव पथकाला फोन केला.
५. अजून सापडलेले नाहीत.

बुधवार, १५
सापडले. सकाळी ८.४०. खिंडीपलीकडे, दगडी कुंपण ढासळलंय तिथे. घोटा मोडलेला. रात्रभर पाऊस होता. जिवंत नव्हते.

मी जमिनीची मोजणी करते. हा डोंगर मी मोजलाय. आमच्या दारापासून ती जागा १,९४० मीटर. त्याचा काही उपयोग झाला नाही.

गुरुवार, १६
पथकाचा नॉर्मन ऑल्डरसन शेगडीपाशी बूट वाळवत बसला होता.

"कधी येतो म्हणाला होता गं?"

"चहापर्यंत."

"मग सातला फोन केलास, बरोबरच केलंस." पायमोजा पिळता पिळता तो थांबला. "कुठला म्हणालीस?"

"ससेक्सचा."

"अगं पोरी, तिकडच्यांचा चहा चार वाजता. कपबशी आणि केकचा तुकडा."

आमच्याकडे, उत्तरेत, चहा म्हणजे संध्याकाळचं जेवण. मटण, बटाटे, सगळं. जन्मभर मी 'चहा'च जेवत आलेय. दुसरा अर्थ मनातही आला नाही.

चार ते ६.०८. उजेडाचे दोन तास आठ मिनिटं.

शुक्रवार, १७
हवालदार आला. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले होते." त्याने लिहून घेतलं. मी दुरुस्त केलं नाही.

नंतर भांडी पुसताना आई — "तू खरं बोललीस म्हणून ते उठून बसणारेत का?"

सोमवार, २०
कामावर एकच कोन चार वेळा मोजला. चार वेगळे आकडे.

मंगळवार, २१
मिसेस पेलिंगचं पत्र. माझ्या नावाने.

"दारात तुम्हीच होतात असं कळलं. पोलीस सांगतात, ते 'संध्याकाळपर्यंत येतो' म्हणाले. एक्केचाळीस वर्षांत घराबाहेर पडताना ते असं कधी म्हणाले नाहीत. त्यांचा नेमका शब्द कोणता होता? शुक्रवारी दफन आहे. गुरुवारपर्यंत कळवा."