शून्य गुणांचा नियम

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो, हे बाबांकडून कळलं. तरी लगेच उड्या मारू नकोस.

इथे मी नियम करून अडकले आहे. लेखनाच्या वर्गात एआय किती चालेल, हे ठरवायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं. मी एका ओळीत निकाल लावला: वापरला की शून्य. पहिल्याच सापडल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गातल्या बसवाल्या बाई. चाळिशीच्या आहेत. दिवसभर बस चालवून तशाच गणवेशात येतात. वडिलांनी त्यांना बस चालवायला कसं शिकवलं, यावर छान निबंध लिहिला आणि खाली टीप दिली की शेवट जमेना, तो एआयकडून घेतला. मी शून्य दिलं. बाकीच्या गुळगुळीत निबंधांखाली टीपच नव्हती, म्हणून ते सुटले!

बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी टीप लिहिणार नाही. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. काय करू?

लोभ आहेच, सोबत थोडा सल्लाही पाठव.
तुझी,
ठकू

११ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. आ.

माझा गुडघा दोन ओळींत आणि तुझं गाऱ्हाणं पानभर! असो.

तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लेखकांच्या किती वाक्यांना हात लावला त्याची गणती नाही. कुणी कुणाला शून्य दिलं नाही. आणि बाईसाहेब, शाळेत तुमच्या निबंधाला बक्षीस मिळालं, त्याचा शेवट कुणी सांगितला होता? तू रडत बसलेलीस, मी भाजी निवडता निवडता सांगितला. खाली टीप दिल्याचं स्मरत नाही.

पण लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं हरवेल, ही तुझी काळजी खोटी नाही गं. त्या दिवशी तुला स्वतःला काय म्हणायचंय, हे मी विचारलंच नाही. ते चुकलं माझं. त्या बाईंना विचार, शेवट का जमेना. आणि खरं बोलणाऱ्यालाच शिक्षा होते तो नियम आधी फाडून टाक.

वेळेवर जेव. माया पूर्वीइतकीच, टोमणे थोडे जास्त.
आत्या

२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बक्षीस परत करायला शाळा शोधावी लागेल! पण तुझं ऐकलं.

बाईंना घेऊन रिकाम्या वर्गात बसले. एआयने लिहिलेल्या शेवटात वडिलांचा आशीर्वाद सदैव पाठीशी होता. खरं काय ते विचारलं. त्या म्हणाल्या की वडिलांनी हौसेने शिकवलं, पण ही नोकरी धरली ते त्यांना पटलं नाही. सहा वर्षांत ते एकदाही बाईंच्या बसमध्ये बसलेले नाहीत. हे कसं लिहायचं, म्हणून एआयला काहीतरी चांगलं लिहायला सांगितलं. मी म्हटलं, हेच लिहा. त्यांनी तिथेच सात-आठ ओळी लिहिल्या. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, पण मी लाल पेन उचललंच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्यांची माफी मागितली, शून्य खोडलं आणि सगळ्यांना बरोबर घेऊन नवे नियम केले. पहिला खर्डा वर्गातच, हाताने. नंतर अडलं तर एआयला खुशाल विचारा, पण काय घेतलं ते खाली लिहा. त्याबद्दल गुण कापणार नाही. घेतलेलं वाक्य का ठेवलं, ते मात्र मला तोंडी सांगायचं. लपवलंत, तर निबंध पुन्हा लिहा. हे ऐकून पाच जणांनी टीप जोडायला आपणहून जुने निबंध परत मागितले! प्राचार्यांनी मुकाट्याने सही केली.

बाईंनी नवा निबंध घरी टेबलावर ठेवला होता. वडिलांनी वाचला की नाही, कळलं नाही. काल मात्र ते बाईंच्या बसमध्ये चढले, चालकाच्या बरोबर मागच्या सीटवर बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. उतरताना इतकंच म्हणाले की वळणावर क्लच जरा लवकर सोडतेस. हे सांगताना बाई वर्गाच्या दारात उभ्या राहून हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि तास सुरू करायचं मला भानच राहिलं नाही.

गुडघा जप, आणि अशीच रागावत राहा.
तुझी,
ठकू