उशाखालचा कांदा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ११ नोव्हेंबर २०२४

ती. शिवलीलाअक्कास,
मामेबहीण धनलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

फोन करावा तर तू दुकानात, आणि निम्मी मैंदर्गी काउंटरला टेकून ऐकत असते. म्हणून हे पत्र.

आपल्या कस्तुरीची नंदी आमच्या बालगृहात येऊन महिना झाला. मी इथंच नर्स, त्यामुळे तिच्याकडे लक्ष राहतं. वजन कमी आहे, दोन दाढा किडल्यात, बाकी खाते-पिते. वर्गात मात्र मधेच टक लावून बसते, हाक मारली तरी ओ देत नाही. बाई म्हणतात, बाप सोडून गेला, श्रावणात आई विहिरीवर पाय घसरून गेली, सात वर्षांची पोर हबकलीय. तपासणीच्या डॉक्टरांचं तेवढ्यानं समाधान झालेलं नाही. त्यांनी घराण्यातल्या आजारांचा फॉर्म दिलाय, तो सोबत पाठवते. दमा, फिट, हृदय, जे असेल ते लिही.

एक गंमत सांगते. तुझ्या बहिणीची ही लेक उशाखाली कांदा घेऊन झोपते. पोरी नाक दाबून हसतात. कशाला म्हणून विचारलं तर नुसतं 'लागतोय की' म्हणाली. तुला काही ठाऊक आहे का?

तुझ्या लेकीच्या, सुवर्णाच्या स्थळाचं कुठवर आलं ते कळव. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
धनू


मैंदर्गी,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. धनूस,
शिवलीलाचे अनेक आशीर्वाद.

फॉर्म भरून पाठवला आहे. सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलंय. आमच्या घरात कुणाला काय होणार? तुझी आत्या, आमची अव्वा, ऐंशीव्या वर्षी चष्म्याशिवाय ज्वारी निवडते आणि खडा सापडला की शिव्या मला घालते. कांद्याचं विशेष नाही. पोरगी भाकरीबरोबर कांदा खाणारी, लपवून ठेवत असेल. काढून घे, वास मारतो.

मंद्रूपची मंडळी रविवारी येऊन गेली. मुलगा शाळेत शिक्षक आहे. त्याच्या आईनं घराण्याची पार मुळापासून चौकशी केली, कोण कशानं गेलं इथपर्यंत. सुवर्णा पसंत पडली. लग्न झालं की नंदीला मी घरी आणणार, तुमच्या बालकल्याण समितीला तसं सांगून ठेव. आत्ता ह्यांच्यापुढे तिचं नाव काढायची सोय नाही.

तुझ्या तब्येतीला जप. सगळ्यांना तपासतेस आणि स्वतः दोन वाजेपर्यंत उपाशी राहतेस, हे मामीनं सांगितलंय.

तुझी,
अक्का


सोलापूर,
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस म्हणून कांदा काढून घेतला. नंदी दोन दिवस रडली. आईसाठी रडली नव्हती एवढी कांद्यासाठी रडली, याचं मला नवल वाटलं.

डॉक्टरांनी तुझा फॉर्म पाहिला. घराण्यात काही नाही, म्हणजे हे दुःखानं होत असावं असं त्यांचं मत पडलं. मेंदूचा आलेख काढायचा होता, तो तूर्त थांबवून तिला समुपदेशकाकडे पाठवतात. अक्का, पुन्हा एकदा विचारते. लिहायचं काही राहिलं नाही ना? रागावू नकोस. उत्तर मात्र लगेच दे.

धनू


सोलापूर,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही.

शनिवारी सकाळी नंदी न्हाणीघरात कढत पाण्याच्या बादलीवर पडली. मी धावले तेव्हा दातखीळ बसली होती आणि सगळं अंग झटके देत होतं. फिट होती, अक्का. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. ती सरकारी दवाखान्यात आहे. बोटं पहिल्यासारखी वळतील की नाही, हे कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही घरच्या असून तुम्हाला माहीत नव्हतं?

शुद्धीवर आल्यावर हाताचं काहीच बोलली नाही. म्हणाली, 'मावशे, कांदा कुटं हाय?'

आता फॉर्मसाठी नको, मला लिही.

धनू


मैंदर्गी,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. धनूस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

कस्तुरीला बाराव्या वर्षापासून फिट येत होती. आमच्या काकांनाही होती. अव्वानं माहेरीसुद्धा कळू दिलं नाही. लपवूनच कस्तुरीचं लग्न केलं, आणि कळलं तेव्हा नवरा सोडून गेला. तुझा फॉर्म आला त्या दिवशी सुवर्णा आत मंद्रूपकरांसमोर नेसायची साडी निवडत होती. 'फिट'च्या रकान्यावर पेन थांबलं होतं, धनू. मी जाणूनबुजून 'नाही' लिहिलं.

कस्तुरीला फिट आली की नंदी फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरायची. घरातलं ते काम तिचंच. श्रावणात दोघी विहिरीवर धुणं धूत होत्या. फिट येणार हे कस्तुरीला आधीच कळायचं. तिनं नंदीला कांदा आणायला पळवलं. पोर घरी जाऊन कांदा घेऊन परत आली, तोवर आई पाण्यात. आम्ही पोचलो तेव्हा तो कांदा तिच्या मुठीत होता. मी तो काढून घेतला आणि बजावलं, 'पाय घसरला म्हणायचं. दुसरं कुणाला काय सांगायचं न्हाय.' तिनं माझा शब्द पाळला आणि हात भाजून घेतला.

काल मी मंद्रूपला जाऊन सगळं सांगून आले. स्थळ मोडलं. सुवर्णा बोलत नाही, हेही बोलत नाहीत. नवा फॉर्म सोबत आहे, त्यात सगळं खरं आहे. समिती आता नंदीला माझ्या हाती देणार नाही. दे म्हणायला मला तोंडही नाही. येत्या रविवारी गड्ड्याच्या जत्रेला जाणाऱ्या बसनं येते आहे. लांबून तरी बघू देतील का, एवढं विचार.

तोवर तिच्या उशाखाली एक कांदा ठेव. त्यानं काही होत नाही, मला ठाऊक आहे. पण तिला आणायला पळावं लागू नये.

माझ्यावर लोभ नको. तिच्यावर असू दे.

शिवलीला