दवाखाना नावाचा खडक

४ ऑक्टोबर

चर्चचा मनोरा गेला! म्हणजे आहे तिथंच, पण समुद्रातून दिसत नाही. कुणा दुबईवाल्यानं किनाऱ्यावर सहा मजली हॉटेल उभं केलंय, ते नेमकं मध्ये आलं. मनोरा टेकडीच्या खांद्यावर टेकला की इंजिन बंद करायचं, आणि दीपगृह नारळांमागून बाहेर आलं की नांगर टाकायचा — पाण्याखालच्या आमच्या खडकाच्या या दोन खुणा. अप्पननं, माझ्या बापानं, मरायच्या आधी माझ्या कानात सांगितल्या. त्यातली एक मेली. दोन महिने खडक सापडत नाही. गळ टाकला की चिखल.

लेक मेबल म्हणते, अप्पा, आता मोबाइलवरचा नकाशा शिका.

६ ऑक्टोबर

जावयानं शिकवणी सुरू केली. शिजो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, बोटं ग्रीसनं काळी, पण मोबाइलवर कशी सरसर चालतात! निळ्यावर निळा नकाशा, त्यात पाण्याच्या खोलीचे आकडे. आपली होडी म्हणजे एक बाण. बोट टेकवून धरलं की तिथं झेंडा रोवला जातो.

माझ्या बोटाला दोरीचे घट्टे. मोबाइल ओळखच देत नाही. शिजो म्हणाला, "मामा, दाबू नका, गोंजारा." मी म्हटलं, मांजर आहे का ते? मेबल हसून हसून खाली बसली.

९ ऑक्टोबर

आज बाण जमिनीवर! चर्चच्या अंगणात होडी चालवत होतो म्हणे.

१३ ऑक्टोबर

शिजोला होडीत घेतलं. नकाशात पाणी कुठं एकदम उथळ होतं ते बघत बघत गेलो. जवळ आल्यावर त्याला सांगितलं, पाठ करून बस. जावई असला म्हणून काय? खडक फक्त मुलाला सांगायचा असतो, आणि मला मुलगा नाही. माझ्याबरोबरच जाईल तो. शिजो मुकाट्यानं वळून बसला. पण गालात हसत होता, मला दिसलं.

तांब मासे! एकामागून एक, लालबुंद. दोन महिन्यांनी विळिंजमच्या बाजारात मान वर करून उभा राहिलो.

झेंडा रोवला. मोबाइलनं नाव विचारलं. 'दवाखाना' लिहिलं. तिथं हौसेनं कोण जातं?

२२ ऑक्टोबर

दवाखान्यावर दुसरी होडी!

लांबून पाहिली. मला बघताच नांगर उचलून पसार झाली. कुणाची ते कळलं नाही. पण वाट कुणी दाखवली ते कळायला काय लागतं? मोबाइल चार्ज होत नव्हता म्हणून परवापर्यंत शिजोकडेच होता.

२३ ऑक्टोबर

मेबलसमोरच विचारलं. खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, म्हटलं. कितीला विकलास, तेही म्हटलं.

शिजो एवढंच बोलला, "मामा, तुमच्या मोबाइलातली खूण मी कुणाला दिलेली नाही." मला ती जागाच ठाऊक नाही, असं काही म्हणाला नाही. तेच मला पुरे झालं. मी त्याला मुलगा मानायला निघालो होतो!

दोघं त्याच्या आईकडे गेली. मेबल चुलीवरचं कालवण तसंच टाकून गेली. मी जेवलो नाही.

२७ ऑक्टोबर

आज आधी जाऊन जरा लांब, उन्हाच्या बाजूला थांबलो. होडी आली. ज्ञानदास! माझ्या बहिणीचा, सेलिनचा नवरा, सख्खा मेहुणा. मी होडी त्याच्या होडीला भिडवली. पळाला नाही या वेळी.

"खडक कुणी दिला तुला?"

"तुझ्या अप्पननं. सेलिनबरोबर."

लग्नात सोनं कमी पडलं होतं, ते खडकानं भरून काढलं. त्याच्या होडीत मोबाइल नाही. त्याला अप्पननं दक्षिणेच्या खुणा दिल्या होत्या, मशिदीचा मिनार आणि डोंगरातली खाच. त्या अजून दिसतात. मला दिल्या त्या बुजणाऱ्या!

मी विचारलं, मग इतकी वर्षं कुठं होतास? म्हणाला, "तुझं पोट होतं त्यावर. दोन महिने तू इकडे दिसला नाहीस, वाटलं सोडलास." मग त्या दिवशी मला बघून पळाला का, तर म्हणे लाज वाटली.

अप्पन, तू म्हणाला होतास, फक्त तुलाच सांगतोय. मरताना खोटं बोललास? आणि सेलिन दर ईस्टरला माझ्याकडे जेवते, एक शब्द काढला नाही तिनं. जगात माझ्या एकट्याचं म्हणावं असं एकच होतं. तेही कधीचंच वाटून टाकलेलं.

२८ ऑक्टोबर

समुद्रावर गेलो नाही. कुणासाठी जायचं?

३० ऑक्टोबर

शिजो फोन उचलत नाही. का उचलेल?

झेंड्यावर बोट धरलं की 'पाठवा' असं येतं. त्यानंच दाखवलं होतं, वर म्हणाला होता, मामा, हे काही तुम्हाला लागायचं नाही. लागलं. तीनदा गोंजारल्यावर गेलं एकदाचं. दवाखाना शिजोला पाठवला. खाली लिहिलं — मेबलच्या लग्नात द्यायचा राहिला होता.

३१ ऑक्टोबर

शिजोचं उत्तर आलं. "मामा, लग्नातच मिळालाय. सेलिनआत्यानं मेबलला दिला. तुम्ही समुद्रावर जाताय तोवर तिकडे फिरकायचं नाही, अशी शपथ घालून."