कोणी न मागितलेलं पत्र

४ सप्टेंबर २००७, मंगळवार

चाळीस मिनिटं फोन धरला. शेवटी भारतीय हायकमिशनच्या लंडन ऑफिसातली बाई म्हणाली, ‘मॅडम, तुमची फाइल वर गेली आहे.’ वर म्हणजे कुठे? ‘ते कळवतील.’ कधी? ‘तेही तेच कळवतील.’

ओसीआयचा — परदेशी झालेल्या भारतीयांसाठीच्या कायमच्या व्हिसाचा — अर्ज जाऊन सहा आठवडे झाले. माझ्यानंतर अर्ज केलेल्या दोघांना मिळालंसुद्धा. माझे दोन्ही पासपोर्ट तिकडेच अडकलेत — ब्रिटिश शिक्का मारण्यासाठी, भारतीय रद्द करण्यासाठी. सगळे ओसीआयला दुहेरी नागरिकत्व म्हणतात. सध्या मी दोन देशांची आहे आणि कार्डिफहून विमानाने कुठेच जाऊ शकत नाही.

१ नोव्हेंबरला मिलिंद मस्कतला रुजू होणार. त्याआधी आईला वर्धा रोडच्या वृद्धाश्रमात न्यायचं, असं आम्हा भावाबहिणीत ठरलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. ते मी नागपूरला जाऊन, समोर बसून सांगायचं, हेही ठरलंय. मोठी मी.

५ सप्टेंबर

फाइल वर का गेली ते मला माहीत आहे. काल लिहिलं नाही.

मार्च २००५ मध्ये इथे सिटी हॉलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. मे महिन्यात बाबा गेले. ब्रिटिश पासपोर्ट हातात आलेला नव्हता, म्हणून मी भारतीय पासपोर्टवरच नागपूरला जाऊन आले. नियमाने तो तेव्हा वापरायला नको होता. फॉर्ममध्ये याबद्दल प्रश्न नाही. तरी मी वेगळ्या कागदावर तीन ओळी लिहून जोडल्या — अशी चूक माझ्याकडून झाली, नोंद असावी.

नवऱ्याला, अंबरीशला, आज सांगितलं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, ‘कोणी विचारलं होतं तुला?’

जिन्यावरून शाल्मली — ‘आई, ते पत्र का पाठवली?’ सतरा वर्षांची झाली, मराठी अजून असंच. प्रश्न मात्र बरोबर.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात चौदा वर्षं झाली. एक कागद कमी असलेली फाइल माझ्याच्याने पुढे सरकवली जात नाही. ती सवय असावी.

असावी.

१५ सप्टेंबर, शनिवार

गणपतीला शिल्पाकडे, वेम्बलीला. कॉलेजपासूनची मैत्रीण, त्यामुळे काहीही बोलते. ‘अगं, माझे दोन्ही पासपोर्ट पर्समध्ये असतात. हीथ्रोला एक काढायचा, मुंबईला दुसरा. आणि ही बया! कोणी शोधत नसताना स्वतःहून चौकीत जाऊन बसली.’ सगळे हसले. मीही हसले. राग आला होता, पण तिचा नाही. ती चुकीचं करते आणि आईला वर्षातून दोनदा भेटते. मी बरोबर करते.

परतताना मोटरवेवर अंबरीश म्हणाला, ‘अर्ज मागे घे. पासपोर्ट परत आण, साधा टुरिस्ट व्हिसा काढ. एका दिवसात होतं.’

मी म्हटलं, मागे घेतला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

‘मग पुन्हा कर. घाई आईची आहे ना? की ओसीआयची?’

पुलापर्यंत रस्त्याच्या पाट्या वाचत राहिले. पूल ओलांडून आमच्याकडे आलं की त्या दोन भाषांत होतात, इंग्रजी आणि वेल्श.

२४ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसला तीन फोन. तिन्ही वेळा वेगळा माणूस, तीच फाइल, तेच ‘वर’. ई-मेलला उत्तर नाही.

संध्याकाळी मिलिंदचा फोन. ‘ताई, काय करून राहिली तू तिथे? एका शिक्क्याला दोन महिने? मी इथे आईसमोर रोज नाटक करून राहिलो. ती बॅग भरायला लागली ना!’

मग आईने फोन घेतला. ‘वरदा, तुझी ती मागची खोली आहे ना, तिच्यात ऊन सकाळी येतं की दुपारी?’

मी म्हटलं, दुपारी. ऊन असलं तर.

बाबांच्या तेराव्याला मीच तिला म्हटलं होतं — आता मी तिथली नागरिक झाले, आता तुला नेणं सोपं. तिने त्याच वर्षी पासपोर्ट काढला. तेव्हापासून कोरा, कपाटात साड्यांखाली. मी तिला न्यायलाच येतेय असं ती धरून चाललीय. तिचं काय चुकलं?

२ ऑक्टोबर

ऑफिस बंद. गांधी जयंती.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

फाइल खाली आली! ‘पत्राची नोंद घेतली आहे, मॅडम. हरकत काही नव्हती.’ हरकत नव्हती. अडीच महिने! पासपोर्ट कालच टपालात टाकलेत म्हणे — आणि आजपासून पोस्टाचा संप. हसावं की रडावं.

मिलिंदला कळवलं. ‘आता संप? ताई, तुझं नशीबच फॉर्म भरून येतं बघ.’

७ ऑक्टोबर, रविवार

एक गोष्ट इथे तरी लिहायला हवी. आईला इथे आणण्याचे नियम मी दोन वर्षांपूर्वीच वाचले होते. तिकडे सांभाळणारं जवळचं कोणी असेल तर परवानगी मिळत नाही. मिलिंद होता. म्हणून मी निर्धास्त आईला सांगू शकले — प्रयत्न करतेय, पण नियम आड येतो. एकदाही अर्ज केला नाही.

मिलिंद गेला की नियम आड येत नाही.

हे मला माहीत आहे. अंबरीशलाही असावं. काल भांडी पुसताना एवढंच म्हणाला, ‘आपण दोघं दिवसभर बाहेर. त्या इथे एकट्या काय करतील?’ मी ‘हो ना’ म्हटलं. फार पटकन म्हटलं.

मग त्या तीन ओळी मी कशासाठी लिहिल्या? खरेपणा म्हणून — असं अजूनही म्हणता येईल. कागदावर तरी दुसरं काही सापडणार नाही.

१० ऑक्टोबर

टपाल नाही.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

पाकीट शनिवारी आलं. सही करून मीच घेतलं. अंबरीश ड्यूटीवर होता, शाल्मली क्लासला. दोन्ही पासपोर्ट, शिक्का, ओसीआयची पुस्तिका — सगळं बरोबर, नावसुद्धा. कपाटात साड्यांखाली ठेवलं.

आत्ता मिलिंदचा फोन येऊन गेला. म्हटलं, पोस्टाचा संप चालूच आहे रे, अजून काही आलं नाही.